सेंटिनेल, मोडिस, आयएमडी... सगळ्यांचे पिक्सेल एकमेकांवर बसवायचे कसे? (रावेर-यावल केळीपट्टा)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची यावलची, सध्या जळगावला एमएस्सी करतेय. प्रोजेक्टचा विषय असा की मे महिन्यात रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागांखालची जमीन बाजूच्या रिकाम्या काळ्या रानापेक्षा किती थंड राहते. त्यासाठी चार डेटा घेतलेत. सेंटिनेल-२ या उपग्रहाचं चित्र आहे १० मीटरचं (म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर) यूटीएम झोन ४३ या प्रोजेक्शनमध्ये (प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत), नासाच्या मोडिस सेन्सरचं जमिनीचं तापमान १ किमीचं आणि ते कुठल्यातरी सायनुसॉइडल प्रोजेक्शनमध्ये, उंचीसाठी एसआरटीएम १ आर्क-सेकंदाचा साध्या अक्षांश-रेखांशात, आणि पावसासाठी हवामान खात्याचा म्हणजे आयएमडीचा पाव अंशाचा ग्रिड.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की चारही छान एकावर एक बसलेले दिसतात, पण पायथनमध्ये अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) उघडला की एक १०९८० बाय १०९८०, दुसरा १२०० बाय १२००, तिसरा ३६०१ बाय ३६०१, आणि मग सेंटिनेलच्या अमुक ओळीतल्या अमुक रकान्याचा पिक्सेल मोडिसमध्ये कुठला हे काही केल्या जुळेना. मैत्रीण म्हणते मोडिसचा पिक्सेल ९२६.६ मीटरचा आहे तर सरळ ९२.६६ ने भाग आणि हो मोकळी. असं चालतं का? कोणीतरी नीट समजावून सांगा, इंग्रजी ट्युटोरिअलं वाचून डोकं उठलंय.

अनेरचं_पाणी

नाही चालत ताई. दोन्ही चित्रं एकाच कोपऱ्यापासून सुरू होत असती, एकाच प्रोजेक्शनमध्ये असती आणि एकाच दिशेला सरळ उभी असती तर भागाकार चालला असता. तुझ्या केसमध्ये तिन्ही गोष्टी नाहीत.

ओळ-रकान्याला स्वतःचा काही अर्थ नसतो हे आधी डोक्यात पक्कं कर. प्रत्येक रास्टरसोबत (पिक्सेलच्या चित्रासोबत) सहा आकड्यांचं एक गणित येतं, अफाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात त्याला. वरच्या डाव्या कोपऱ्याचा एक्स आणि वाय, पिक्सेलची रुंदी, पिक्सेलची उंची (ही बहुतेक वेळा मायनसमध्ये असते कारण ओळी वरून खाली मोजतात आणि वाय खालून वर वाढतो), आणि दोन फिरवण्याचे आकडे जे शक्यतो शून्य असतात. त्यावरून ओळ-रकान्याचा एक्स-वाय निघतो. तो एक्स-वाय दुसऱ्या चित्राच्या प्रोजेक्शनमध्ये न्यायचा, ते काम पायप्रोज ही पायथनची लायब्ररी करते. आणि मग तिथल्या अफाइनचं उलटं गणित करून तिथली ओळ-रकाना काढायचा. म्हणजे ओळीवरून जमिनीवर उतरायचं आणि जमिनीवरून दुसऱ्या ओळीत चढायचं, मधला शॉर्टकट नाही.

दोन खड्डे आत्ताच सांगून ठेवतो. एक, अफाइन तुला पिक्सेलचा कोपरा देतं, मधला बिंदू पाहिजे तर ओळ आणि रकाना दोघांत ०.५ मिळवायचे. दुसरं, ईपीएसजी ४३२६ मध्ये (साध्या अक्षांश-रेखांशाचा ठरलेला नंबर) अधिकृत क्रम आधी अक्षांश मग रेखांश असा आहे आणि प्रोज ६, जीडॅल ३ पासून सॉफ्टवेअर तो क्रम पाळतं. जुना कोड कॉपी केला असशील तर जळगावचं ७५.५ आणि २१ उलटं जाईल आणि तू आर्क्टिकमध्ये पोचशील. ट्रान्सफॉर्मर बनवताना ऑल्वेज-एक्सवाय ट्रू करून टाक.

भरीतपुरी

आर्क्टिकमध्ये केळी 😂 मे महिन्यात भुसावळच्या माणसाला चालेल बरं का ते.

वाघूर

अनेरभाऊंनी बरोबर सांगितलंय, फक्त दिशा कुठली धरायची ते राहिलं. नवीन लोकं जुन्या चित्राचा एकेक पिक्सेल उचलून नव्या चित्रात टाकायला बघतात, मग नव्यात कुठे दोन-दोन येऊन पडतात आणि कुठे भोकं राहतात. सगळी सॉफ्टवेअरं उलटीकडून चालतात. आधी नवं चित्र कसं पाहिजे ते ठरवायचं, म्हणजे प्रोजेक्शन, कोपरा, पिक्सेल साइज, किती ओळी किती रकाने, आणि मग त्या नव्याच्या प्रत्येक रिकाम्या पिक्सेलने विचारायचं की माझी जागा जुन्या चित्रात कुठे येते, तिथे काय किंमत आहे. असं केलं की एकही पिक्सेल रिकामा राहत नाही.

आणि ती जागा जुन्यात कधीच बरोब्बर पिक्सेलच्या मध्यावर पडत नाही, कुठेतरी ३१२.७ ओळ आणि ८८.२ रकाना असं येतं, म्हणून रिसॅम्पलिंग. जवळचाच उचलला तर निअरेस्ट, आजूबाजूच्या चारांचं वजन लावून सरासरी काढली तर बायलिनिअर, सोळांचं क्युबिक. पीक किंवा ढग असे वर्ग असतील तर निअरेस्टच वापरा, नाहीतर वर्ग ३ म्हणजे ढगाची सावली आणि वर्ग ५ म्हणजे उघडी जमीन यांची सरासरी काढून वर्ग ४ म्हणजे हिरवळ उगवते. सेंटिनेलच्या एससीएल बँडमध्ये (प्रत्येक पिक्सेलचा वर्ग सांगणारा थर) खरंच असं होतं, क्रमांक तेच आहेत.

गटनंबर

मी रिमोट सेन्सिंगवाला नाही, भूमी अभिलेखात नोकरी केली, पण तुमचं वाचून वाटलं हे तर आमचंच काम. एकत्रीकरण योजनेत जुने सर्वे नंबर मोडून नवे गट पाडले, तेव्हा जुना ४५ नंबर म्हणजे नवा कोणता गट असं लोक विचारायचे, आणि उत्तर असायचं की एक कोणताच नाही, थोडा या गटात गेला थोडा त्या गटात, किती गेला ते क्षेत्रावरून बघा. तुम्ही पिक्सेलला पिक्सेल शोधताय ते तसंच चुकतंय असं मला वाटतं. बरोबर की कसं?

अनेरचं_पाणी

नाना, एकदम बरोबर. हे जे तुम्ही क्षेत्रावरून म्हणताय ना त्यालाच एरिया-वेटेड रिसॅम्पलिंग म्हणतात. बारीक पिक्सेलवरून मोठ्या पिक्सेलकडे जाताना हेच पाहिजे. मोडिसच्या एका १ किमीवाल्या पिक्सेलखाली सेंटिनेलचे १० मीटरवाले साधारण ८५८६ पिक्सेल येतात. तिथे निअरेस्ट लावलं तर एवढ्यांपैकी एकच बघून बाकीच्या हजारोंकडे दुर्लक्ष. जीडॅलवार्प या कमांडमध्ये अ‍ॅव्हरेज निवडायचं, वर्ग असतील तर मोड, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला वर्ग. न सांगता सोडलं तर तो निअरेस्टच वापरतो हे लक्षात ठेवा, कुठेही वॉर्निंग येत नाही.

सातपुड्याचा_पायथा

मोडिसबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण आपल्या भागात त्याची एक वेगळीच गंमत आहे आणि ती कुठल्या ट्युटोरिअलमध्ये मिळणार नाही.

सायनुसॉइडलमध्ये एक्स म्हणजे त्रिज्या गुणिले रेखांश गुणिले अक्षांशाचा कोसाइन. पिक्सेलचं क्षेत्रफळ सगळीकडे सारखं राहतं हा फायदा, पण मध्य रेखांश शून्य म्हणजे ग्रीनविचचा आहे, आणि आपण तिथून ७५ अंश लांब. त्यामुळे आपल्याकडची उत्तर दिशा त्या चित्रात सरळ वर जात नाही, डावीकडे झुकते. जळगावला हा झुकाव जवळपास २५ अंशांचा आहे. मोडिसचा चौकोनी पिक्सेल यूटीएममध्ये आणला की तो तिरका समांतरभुज होतो, आणि म्हणूनच ९२.६६ ने भागायची आयडिया पहिल्याच ओळीपासून फसते.

दुसरं म्हणजे टाइलची हद्द. मोडिसच्या टाइली (डेटाचे चौकोनी तुकडे) एच आणि व्ही नंबरच्या असतात. एच२४-व्ही०६ आणि एच२५-व्ही०६ यांच्यामधली रेघ २१ अक्षांशावर साधारण ७५ रेखांशाला येते, म्हणजे आपल्या खान्देशाच्या ऐन मधून. धुळे, नंदुरबार, शिरपूर एच२४ मध्ये, अमळनेर काठावर पण एच२५ मध्ये, जळगाव-भुसावळ-रावेर पूर्ण एच२५ मध्ये. ताई, तुझा अभ्यास रावेर-यावलचा आहे तर एक टाइल पुरे, पण उद्या कोणी अख्ख्या तापी खोऱ्याचं करायला घेतलं तर दोन्ही उतरवून आधी जोडायच्या आणि मगच प्रोजेक्शन बदलायचं. आधी बदलून मग जोडलं तर जोडावर एक रेघ दिसते, कारण दोन्ही टाइलींचे कडेचे पिक्सेल शेजारी नाही बघून वेगवेगळे रिसॅम्पल झालेले असतात.

तिसरं, ही पृथ्वी पूर्ण गोल धरलीय, त्रिज्या ६३७१००७.१८१ मीटर. कोणी हाताने प्रोजेक्शन भरताना सायनुसॉइडल निवडून खाली डब्ल्यूजीएस ८४ (थोडी चपटी धरलेली पृथ्वी) टाकलं तर आपल्या अक्षांशावर चित्र उत्तरेला सुमारे १२ किमी सरकतं. यावल सातपुड्यावर चढतं, आणि मग लोकं म्हणतात केळीमुळे काही थंडावा दिसतच नाही.

तापीकाठ

बाप रे. १२ किमी!! आत्ता फाइलची प्रॉपर्टी उघडून बघितली, गोलच आहे, वाचले.

सगळ्यांना थँक्यू. पण आता खरा प्रश्न. गाईड म्हणतायत सगळं १० मीटरवर आण, म्हणजे डेटा भरपूर होईल आणि ग्राफ दाट दिसेल. मोडिसचं तापमान १० मीटरवर आणायला काही हरकत आहे का? कमांड तर चालते, फाइलपण सुंदर दिसते.

वाघूर

कमांड चालणारच, तिला काय. पण जे ८५८६ पिक्सेल तयार होतील त्या सगळ्यांत एकच मोजमाप आहे, तू ते फक्त कॉपी केलंस. बायलिनिअरने केलं तर कॉपीला पॉलिश मारलं. मग रिग्रेशन लावशील, एन (निरीक्षणांची संख्या) लाखांत जाईल, पी-व्हॅल्यू शून्याच्या शून्य येईल आणि परीक्षकाने एकच प्रश्न विचारला की स्वतंत्र निरीक्षणं किती, तर काय सांगशील?

आयएमडीचं तर बोलूच नको. पाव अंश म्हणजे आपल्याकडे उत्तर-दक्षिण २७.७ किमी आणि पूर्व-पश्चिम २६ किमी, जवळपास ७२० चौरस किमी. १० मीटरचे ७२ लाख पिक्सेल आणि पाऊस एकच आकडा.

भरीतपुरी

एवढं पण कडक नको हो वाघूरभाऊ. समजा तिला नुसता नकाशा छापायचाय, तर १० मीटरवर आणून वर केळीच्या बागांच्या हद्दी टाकल्या तर काय बिघडलं. सगळे करतात.

वाघूर

छापायला कर की, कोण नाही म्हणतंय. आकडेमोडीला नको. आणि सगळे करतात म्हणून तर चिडतो मी.

अनेरचं_पाणी

ताई, मी असतो तर असं केलं असतं. १० मीटरवर केळीचा मास्क बनव, केळी असेल तर १ नसेल तर ०. तो मास्क मोडिसच्या ग्रिडवर अ‍ॅव्हरेजने ने. शून्य-एकची सरासरी म्हणजेच त्या १ किमीच्या पिक्सेलमध्ये केळी किती टक्के. आता प्रत्येक मोडिस पिक्सेलला एक तापमान आणि एक टक्केवारी, दोन्ही खरी मोजलेली, एकमेकांशी ताडून बघ. रावेर-यावलमध्ये बागा सलग आहेत त्यामुळे ७०-८० टक्केवाले पिक्सेल मिळायला हवेत. जिथे केळी तुरळक आहे तिथे हा प्रयोग करायला गेलीस तर सगळे कमी टक्क्यांतच अडकतील.

मास्कचं मूळ ग्रिड बदलू नकोस, मोडिसचंही बदलू नकोस, मास्कलाच थेट सायनुसॉइडलमध्ये ने. म्हणजे तापमानाला एकदाही रिसॅम्पलिंगचा हात लागत नाही. प्रत्येक रिसॅम्पलिंगला थोडं पुसट होतंच, तर जे सगळ्यात जाड आहे त्याला हात लावू नये असं माझं मत. रिओएक्सअ‍ॅरे वापरत असशील तर रिप्रोजेक्ट-मॅच नावाचं फंक्शन आहे, त्याला मोडिसची फाइल दाखवायची, तो कोपरा-साइज-प्रोजेक्शन सगळं तिथून उचलतो. फक्त रिसॅम्पलिंग अ‍ॅव्हरेज करायला विसरू नको आणि मास्क आधी फ्लोट कर. इंटिजर राहिला तर ०.७ ला जागाच नाही, त्याचा ० नाहीतर १ होतो.

पांझरेचा_पूर

केळीचा मास्क बनवायला एनडीव्हीआय (हिरवळीचा निर्देशांक, निअर इन्फ्रारेड वजा लाल भागिले दोघांची बेरीज) वापरणार असशील तर एक सांगू का. मास्क १० मीटरवर कर ते ठीक, पण १ किमीचा एनडीव्हीआय पाहिजे असेल तर १० मीटरच्या एनडीव्हीआयची सरासरी काढू नको. आधी लाल आणि निअर इन्फ्रारेड बँडची वेगवेगळी सरासरी काढ, मग भागाकार.

हे आकडे नुसते समजायला घेतलेत. केळीच्या पिक्सेलमध्ये लाल ०.०४ आणि निअर इन्फ्रारेड ०.४४, एनडीव्हीआय ०.८३. शेजारी नांगरलेलं काळं रान, लाल ०.१०, निअर इन्फ्रारेड ०.१४, एनडीव्हीआय ०.१७. एनडीव्हीआयची सरासरी ०.५०. पण बँडची सरासरी आधी काढली तर ०.०७ आणि ०.२९, त्यावरून एनडीव्हीआय येतो ०.६१. उपग्रहाला वरून मोठ्या पिक्सेलमध्ये दिसला असता तो दुसरा, कारण प्रकाश बेरजेने येतो, गुणोत्तराने नाही. आपली काळी माती अंधारी असल्यामुळे फरक जास्त पडतो, मुरमाड पांढऱ्या जमिनीत उलट्या बाजूला पडेल.

आणि २५ जानेवारी २०२२ नंतरच्या सेंटिनेल सीन्समध्ये १००० चा ऑफसेट (प्रत्येक आकड्यात जादा मिळवलेला) आहे, तो वजा केला नाही तर हे सगळं मुसळ केरात.

सातपुड्याचा_पायथा

पांझराभाऊ, ऑफसेटचं लिहिलंत ते भारी, त्यावरून आठवलं. मोडिसच्या तापमानात जिथे ढग होते तिथे ० भरलेला असतो. स्केल ०.०२, म्हणजे कच्चा आकडा १६००० असेल तर ३२० केल्विन, साधारण ४७ अंश. आता नोडेटा (मोजमाप नाही याची खूण) ० आहे हे फाइलमध्ये नोंदलेलं नसेल आणि तुम्ही बायलिनिअर केलं तर १६००० आणि ० ची सरासरी ८०००, म्हणजे १६० केल्विन, मायनस ११३ अंश. हे दिसून तरी येतं. पण दहापैकी नऊ वजन १६००० ला आणि एक ० ला असेल तर १४४०० येतो, २८८ केल्विन, १५ अंश, आणि तो डिसेंबरच्या रात्रीसारखा दिसतो म्हणून कोणी काढत नाही. अनेरभाऊ म्हणतात तसं तापमानाला हातच लावला नाही तर हा त्रास वाचतो.

कपाशीवाला_पारोळा

धाग्यात घुसतो जरा. मी विम्याच्या कामासाठी क्षेत्र काढतो. क्यूजीआयएसमध्ये मागे सॅटेलाइटचा बेसमॅप टाकला की प्रोजेक्ट आपोआप ३८५७ होतो आणि माझं क्षेत्र तलाठ्याच्या उताऱ्यापेक्षा जास्त येतं. का?

अनेरचं_पाणी

वेब मर्केटर आहे तो भाऊ. विषुववृत्तापासून लांब गेलं की सगळं फुगतं. आपल्या २१ अक्षांशावर लांबीत ७ टक्के आणि क्षेत्रात १५ टक्के. १०० हेक्टर कपाशी ११५ दिसते. बघायला ठेवा, मोजायला ३२६४३ (यूटीएम झोन ४३) घ्या. अख्खा खान्देश ७२ ते ७८ रेखांशाच्या त्याच झोनमध्ये बसतो आणि मध्य रेखांश ७५ आपल्याच घरातून जातो, त्यामुळे चूक किलोमीटरला अर्ध्या मीटरच्याही आत.

कपाशीवाला_पारोळा

बठ्ठं समजनं भो. धन्यवाद.

तापीकाठ

आयएमडीचा पाऊस पण बसवून बघितला आत्ता. १३५ बाय १२९ असा अ‍ॅरे आहे. यावलचा आकडा काढला तर जळगावच्या पावसाशी काही केल्या जमेना, पॅटर्नच वेगळा आहे.

सातपुड्याचा_पायथा

चित्र उलटं वाचलं गेलंय बघ. आयएमडीच्या बायनरी फाइलीत पहिली ओळ दक्षिणेची, ६.५ अक्षांशाची, आणि शेवटची ३८.५ ची. आपल्या सगळ्या सवयी वरून खाली. यावलसाठी जवळचा बिंदू २१.२५ उत्तर, ७५.७५ पूर्व. दक्षिणेकडून ५९ वी ओळ येते, शून्यापासून मोजली तर. तीच ५९ वी ओळ उत्तरेकडून मोजलीस तर २३.७५ अक्षांश निघतो, म्हणजे उज्जैनच्याही वरचा माळव्याचा पाऊस. ओळी उलटवून घे.

आणि ते आकडे बिंदूचे आहेत, चौकोनाच्या कोपऱ्याचे नाहीत. रास्टर बनवताना डावी कड ६६.५ नाही तर ६६.३७५ धरायची, खालची ६.३७५. नाही केलं तर दोन्ही दिशांना अर्धा चौकोन, १३-१४ किमी सरकतं, जळगाव-भुसावळच्या निम्म्या अंतराइतकं. एसआरटीएमचंही तेच, ३६०१ ओळी त्याचसाठी असतात, कडेचा बिंदू शेजारच्या टाइलमध्येपण येतो. तिथे अर्धा पिक्सेल म्हणजे १५ मीटर, केळीच्या अभ्यासाला काही फरक पडत नाही, सोडून दे.

उतार काढणार असशील तर मात्र आधी यूटीएममध्ये आण. उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशात राहिलं तर अख्खा सातपुडा आणि तापीचं सपाट मैदान दोन्ही ८९ अंशाचे कडे होतात.

तापीकाठ

उज्जैनच निघालं 🙈 उलटवलं, जमलं. आणि मास्कपण अ‍ॅव्हरेजने मोडिसवर नेला, सावदा-फैजपूरच्या आजूबाजूला जास्त टक्केवारीवाले पिक्सेल दिसतायत. गाईडना वाघूरभाऊंचा स्वतंत्र निरीक्षणांचा मुद्दा सांगणारे उद्या.

शेवटचं एकच, जास्त केळीवाले पिक्सेल शेजारच्यांपेक्षा थंड दिसतात पण कडा फार पुसट आहेत. ग्रिड तर बरोबर बसलाय, कोपरे तपासले. अजून कुठे सरकलंय का?

वाघूर

सरकलं नाही, ते तसंच असतं. १ किमीचा पिक्सेल हा फक्त उपग्रह बरोबर डोक्यावर असताना १ किमी असतो. मोडिस बाजूला बघतो तेव्हा पट्ट्याच्या टोकाला तोच ठसा जवळपास ४.८ किमी बाय २ किमी होतो, आणि नासावाले नंतर तो १ किमीच्या ग्रिडमध्ये भरतात. म्हणजे ग्रिडचा पिक्सेल आणि खरंच दिसलेली जमीन या दोन वेगळ्या गोष्टी. तुझ्याच फाइलीत दिवसाचा व्ह्यू अँगल म्हणून एक थर आहे, तो उघड आणि मोठ्या कोनाचे पिक्सेल काढून टाक. ८ दिवसांच्या फाइलीत तो कोनपण सरासरीचा येतो, म्हणून जमलं तर रोजची फाइल घे, मे महिन्यात आपल्याकडे फारसे ढग नसतात तर डेटा पुरेसा मिळेल.

तापीकाठ

रोजच्या उतरवायला लावल्यात. हॉस्टेलचं नेट बघता रात्र जाईल. झालं की ग्राफ इथेच टाकते.